सुरांचा सैनिक : कॅप्टन रामसिंह ठाकुरी

प्रस्तावना

युद्धाचा इतिहास वाचताना सेनापती, शस्त्रे आणि जयपराजय यांकडेच आपले लक्ष जाते. परंतु प्राचीन काळापासून प्रत्येक सैन्यात एक माणूस असा असतो, की ज्याच्या हाती तलवारीपेक्षा वाद्य अधिक शोभते. मराठ्यांच्या फौजेत नौबत वाजवणारे, शिंग फुंकणारे होते. आधुनिक पलटणींत बिगुलवाले आणि बँडवाले आले. सैनिकांना उठवणे, एकत्र आणणे, पावलांत पाऊल मिळवून चालवणे आणि धारातीर्थी पडलेल्यांना अखेरचा निरोप देणे, ही सारी कामे सूर आणि ताल यांच्या साह्याने होत असतात.

दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैनिकांवर एक विलक्षण प्रसंग ओढवला. एकाच देशाचे, कधी कधी एकाच पलटणीचे सैनिक दोन परस्परविरोधी सैन्यांत विभागले गेले. त्या काळात एका सैनिक-संगीतकाराने रचलेल्या चाली पुढे साऱ्या देशाच्या ओठांवर आल्या. त्या कॅप्टन रामसिंह ठाकुरी यांचे जीवन आपण या पाठात समजून घेणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर आपण –
• रामसिंह ठाकुरी यांच्या जीवनातील प्रमुख घटना क्रमाने सांगू शकाल;
• सैन्यातील संगीताचे कार्य स्पष्ट करू शकाल;
• आझाद हिंद सेनेच्या सैनिकांपुढील निष्ठेचा प्रश्न दोन्ही बाजूंनी मांडू शकाल;
• कलेचा समाजजीवनावर होणारा परिणाम सोदाहरण लिहू शकाल.

मूळ पाठ

१. डोंगरातले बालपण

हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यात धौलाधार पर्वताच्या पायथ्याशी धर्मशाला हे गाव आहे. तेथून जवळच खनियारा नावाचे खेडे आहे. घरांवर घालण्याच्या पाटीच्या दगडासाठी ते प्रसिद्ध होते. या खेड्यात १५ ऑगस्ट १९१४ रोजी एका गोरखा कुटुंबात रामसिंहांचा जन्म झाला. त्याच सुमारास युरोपात पहिल्या महायुद्धाला तोंड लागले होते. पुढे तेहतीस वर्षांनी त्यांच्या जन्मदिवशीच भारत स्वतंत्र होणार होता. पण १९१४ साली त्या डोंगरी खेड्यात कोणाच्या स्वप्नातही ही गोष्ट आली नसेल.

त्यांचे वडील दिलीपसिंह सैन्यात हवालदार होते. धर्मशाला हे पहिल्या गोरखा रायफल्स या पलटणीचे ठाणे असल्यामुळे परिसरातील अनेक घरांचा चरितार्थ सैन्याच्या नोकरीवर चाले. शेती थोडी, डोंगर मोठा आणि दुसरा उद्योग नाही, अशा भागात मुलगा कळता झाला की पलटणीत जायचा, ही जणू रीतच होती. रामसिंहही वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास पलटणीत दाखल झाले. त्यांचे शालेय शिक्षण बेताचेच होते. परंतु आजोळच्या आजोबांमुळे गाण्याची गोडी लहानपणीच लागली होती. हा मुलगा सुरेल आहे, हे ओळखून त्याला बँडमध्ये घेण्यात आले.

२. पलटणीची पाठशाळा

पलटणीचा बँड ही रामसिंहांची खरी शाळा ठरली. तेथे पहाटेपासून शिस्तीचा दिनक्रम असे. कवायत, वाद्यांची निगा, तासन्‌तास सराव आणि पाश्चात्त्य स्वरलिपीचे वाचन असा तो अभ्यास होता. आपल्याकडील परंपरागत संगीत गुरूच्या तोंडून ऐकून शिकायचे असते. बँडमध्ये मात्र कागदावर लिहिलेले स्वर पाहून तीसचाळीस माणसांनी एकाच क्षणी एकत्र वाजवायचे असते. एकाचा ठोका चुकला की सर्वांचे संचलन बिघडते. रामसिंहांनी ही विद्या मनापासून आत्मसात केली. व्हायोलिन हे वाद्य तर त्यांच्या हाती जन्मभर राहिले.

सैन्यातील बँडकडे करमणुकीचे साधन म्हणून पाहणे बरोबर नाही. रणांगणावर जाण्याची वेळ आली की बँडवाले वाद्ये बाजूला ठेवत आणि जखमींना डोलीवरून मागे आणण्याचे जोखमीचे काम करत. त्यांना बंदूक चालवण्याचेही शिक्षण दिले जाई. शांततेच्या काळात मात्र त्यांच्यावर पलटणीची पावले एकत्र बांधण्याची जबाबदारी असे. सामान्य पायदळाचे जलद संचलन मिनिटाला सुमारे १२० पावलांचे असते. रायफल पलटणी त्याहूनही वेगाने, १४० पावलांच्या आसपास चालतात. चालीचा ठेका त्या गतीत चपखल बसला नाही, तर सैनिक दमतो आणि रांग मोडते. पावलांचे हे गणित रामसिंहांच्या अंगवळणी पडले. पुढे त्यांनी ज्या चाली रचल्या, त्यांचे बळ या शिक्षणात होते.

१९३० नंतरच्या दशकात त्यांनी वायव्य सरहद्द प्रांतातही सेवा केली. शिपाई म्हणून आणि वादक म्हणून ते आता पूर्ण तयार झाले होते. याच सुमारास जगावर दुसऱ्या महायुद्धाचे ढग जमू लागले.

३. मलायातील पराभव

१९४१ साली दुसरी बटालियन, पहिली गोरखा रायफल्स ही रामसिंहांची तुकडी मलायात पाठवण्यात आली. आजच्या मलेशियाचा हा भाग तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होता. रबर आणि कथील यांमुळे तो मोलाचा मानला जाई. ८ डिसेंबर १९४१ रोजी जपानी सैन्य उत्तर मलायाच्या किनाऱ्यावर उतरले. त्यानंतर तीनचार दिवसांतच जित्रा येथील लढाईत गोरखा तुकडीवर जपानी रणगाडे चालून आले. भारतीय सैन्याजवळ तेथे एकही रणगाडा नव्हता. मुसळधार पाऊस, रबराचे दाट मळे आणि चिखलाने भरलेले खंदक अशा स्थितीत सैन्याची फळी फुटली. मग दक्षिणेकडे माघार सुरू झाली.

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले. अभेद्य म्हणून गाजवलेला तो सागरी बालेकिल्ला अवघ्या सत्तर दिवसांत शत्रूच्या हाती गेला. या मोहिमेत जे असंख्य सैनिक बंदी झाले, त्यांत रामसिंहही होते. १७ फेब्रुवारी रोजी सिंगापूरच्या फॅरर पार्क मैदानावर सुमारे ४५ हजार भारतीय युद्धकैद्यांना इंग्रज अधिकाऱ्यांनी जपान्यांच्या स्वाधीन केले. त्यांत पंजाबी होते, गढवाली होते, हैदराबादचे व म्हैसूर संस्थानाच्या पायदळाचे जवान होते. काश्मीरपासून बेंगळूरूपर्यंतच्या घरांत या माणसांची वाट पाहिली जात होती. पण त्यांचे काय झाले, हे कळायला मार्ग नव्हता.

४. निष्ठेची कसोटी

या बंदी सैनिकांतून कॅप्टन मोहनसिंग यांनी आझाद हिंद सेना उभारण्यास प्रारंभ केला. भारतातून इंग्रजांना घालवण्यासाठी जपानच्या साह्याने लढावे, असा तिचा हेतू होता. प्रत्येक कैद्यापुढे आता एक अवघड प्रश्न उभा राहिला. भरती होताना त्याने इंग्रज राजाच्या निष्ठेची शपथ घेतली होती. ती मोडावी काय? आपला देश पारतंत्र्यात असताना ती शपथ खरोखर बंधनकारक आहे काय? आणि उद्या समोरून आपल्याच गावचा, आपल्याच पलटणीचा जवान चालून आला, तर त्याच्यावर बंदूक रोखायची काय?

या प्रश्नांना सर्वांनी एकच उत्तर दिले नाही. हजारो सैनिक नव्या सेनेत गेले. हजारोंनी नकार दिला आणि जपान्यांच्या छावण्यांत उपासमार, रोगराई व मारहाण सोसली. नकार देणाऱ्यांत गोरखा सैनिकांची संख्या मोठी होती. त्यांनी घेतलेली शपथ प्राणापलीकडे जपली. नव्या सेनेत गेलेल्यांनी शपथेपेक्षा देश मोठा मानला. दोन्ही बाजूंना धैर्य लागत होते, हे आज इतक्या वर्षांनंतर अधिक स्पष्टपणे दिसते.

रामसिंहांनी आझाद हिंद सेनेचा मार्ग धरला. आपल्याच पलटणीतील कित्येक सोबत्यांपासून वेगळे होऊन त्यांनी हा निर्णय घेतला होता. युद्धात आपण हरलो, तर सैनिकी कायद्याने आपल्याला राजद्रोही ठरवले जाईल, हे एका अनुभवी शिपायाला सांगावे लागत नव्हते.

५. नेताजी आणि व्हायोलिन

पहिली आझाद हिंद सेना फार काळ टिकली नाही. जपानी अधिकाऱ्यांशी मतभेद होऊन डिसेंबर १९४२ मध्ये ती विसर्जित झाली. सैनिकांच्या मनावर निराशेचे सावट पसरले. अशा वेळी जुलै १९४३ च्या आरंभी नेताजी सुभाषचंद्र बोस सिंगापुरात आले. जर्मनीहून पाणबुडीने निघून, वाटेत हिंदी महासागरात जपानी पाणबुडीत बदली करून त्यांनी हा प्रवास केला होता. त्यांच्या आगमनाने सेनेत नवे चैतन्य संचारले.

नेताजींच्या स्वागतासाठी रामसिंहांनी एक गीत बसवले होते. ते ऐकून नेताजी प्रसन्न झाले. सैनिकाला शस्त्र जेवढे लागते, तेवढेच गीतही लागते, ही गोष्ट ते पक्केपणी जाणत होते. त्यांनी रामसिंहांना एक व्हायोलिन भेट दिले. या भेटीचे मोल रामसिंहांनी आयुष्यभर जपले. पुढे साठीसत्तरीतही ते हे व्हायोलिन काढून लोकांना त्या काळची गीते वाजवून दाखवत असत.

आता रामसिंह आझाद हिंद सेनेच्या वाद्यवृंदाचे प्रमुख झाले आणि त्यांना कॅप्टनचा हुद्दा मिळाला. त्यांच्यापुढील काम सोपे नव्हते. या सेनेत पंजाबचे शीख व मुसलमान होते, डोग्रे आणि गढवाली होते. मलायाच्या रबरमळ्यांत राबणारे तमिळ मजूर त्यांत सामील झाले होते. कॅप्टन लक्ष्मी स्वामिनाथन यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांची ‘झाशीची राणी रेजिमेंट’ उभी राहिली होती. सेनेच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांत सावंतवाडी भागातील तिरोडे गावचे, मराठा पलटणीतून आलेले जगन्नाथराव भोसले होते. इतक्या भाषांच्या माणसांना एका सुरात बांधायचे होते. त्यासाठी गीताची भाषा सोपी हिंदुस्थानी हवी आणि चाल अशी हवी, की गाणे न शिकलेल्या माणसालाही ती एका दिवसात म्हणता यावी.

६. पावलांतून उमटलेले गीत

‘कदम कदम बढ़ाये जा’ हे गीत या गरजेतून लोकप्रिय झाले. त्याच्या शब्दांचे श्रेय सामान्यतः वंशीधर शुक्ल यांना दिले जाते. चाल रामसिंहांनी बांधली. या चालीचे रहस्य तिच्या साधेपणात आहे. तिच्यात फार उंच किंवा फार खालचे स्वर नाहीत, त्यामुळे कोणत्याही आवाजाला ती झेपते. ठोका नेमका पावलावर पडतो. वाद्ये नसली तरी चालता चालता, पाठीवर ओझे घेऊन ती म्हणता येते. सिंगापूरच्या मैदानावर जन्मलेले हे गीत ब्रह्मदेशाच्या जंगलवाटांपर्यंत सैनिकांबरोबर चालत गेले. झाशीच्या राणी रेजिमेंटसाठीही रामसिंहांनी संचलनगीताची चाल तयार केली. शंभर वर्षांपूर्वीच्या मराठी राणीचे नाव अशा रीतीने आग्नेय आशियात वाढलेल्या भारतीय मुलींच्या ओठांवर आले.

२१ ऑक्टोबर १९४३ रोजी सिंगापूरच्या कॅथे सभागृहात आझाद हिंदच्या हंगामी सरकारची घोषणा झाली. सरकार म्हटले की राष्ट्रगीत हवे. नेताजींनी रवींद्रनाथ ठाकूर यांचे ‘जन गण मन’ त्यासाठी निवडले होते. मूळ गीत १९११ साली कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात प्रथम गायले गेले. बेंगळूरूपासून फार दूर नसलेल्या मदनपल्ली या गावी १९१९ साली रवींद्रनाथ काही दिवस राहिले होते. तेथे त्यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला आणि मार्गारेट कझिन्स या संगीतज्ञ विदुषीच्या साह्याने त्याची स्वरलिपी लिहिली गेली. मात्र त्याची संस्कृतप्रचुर बंगाली भाषा सामान्य सैनिकाला समजण्यास अवघड होती. म्हणून आबिद हसन आणि मुमताज हुसेन यांनी त्याच्या आधारे ‘शुभ सुख चैन’ हे सोपे हिंदुस्थानी गीत तयार केले. त्याला सैनिकी वाद्यवृंदाला साजेल असे रूप देण्याचे काम रामसिंहांकडे आले.

प्रार्थनेसारखे शांत गीत बँडवर आणताना त्याचा गाभा न बिघडवता त्यात संचलनाचा जोम आणायचा असतो. कोणता भाग तुतारीसारख्या पितळी वाद्यांना द्यायचा, कोठे ढोलांनी उठाव आणायचा, कोठे सर्वांनी एकदम थांबायचे, याचा काटेकोर विचार करावा लागतो. हे गीत गायले जाताना सभागृह दुभंगले पाहिजे, एवढी ताकद त्यात यावी, अशी नेताजींची अपेक्षा होती, असे सांगितले जाते. रामसिंहांच्या वाद्यवृंदाने ती अपेक्षा पुरी केली.

७. दोन्हीकडे आपलीच माणसे

१९४४ च्या मार्च महिन्यात जपानी सैन्याबरोबर आझाद हिंद सेनेच्या तुकड्या मणिपूरच्या दिशेने निघाल्या. इंफाळ आणि कोहिमा यांच्या परिसरात घनघोर संग्राम झाला. या रणभूमीवर इंग्रजांच्या बाजूने लढणाऱ्यांतही बहुसंख्य सैनिक भारतीय आणि गोरखा होते. त्यांत मराठा पलटणीही होत्या. एका बाजूला हिंदुस्थानी जवान स्वातंत्र्याचे गीत गात डोंगर चढत होता; दुसऱ्या बाजूला हिंदुस्थानी जवानच आपली ठाणी राखत होता. दोघांच्या घरची भाषा एक, दोघांच्या आईची वाट पाहणेही एकच. परराज्याच्या सत्तेने एका देशाच्या सैनिकांवर आणलेला हा प्रसंग यादवीहून कमी दारुण नव्हता.

जूनमध्ये पावसाळा कोसळू लागला. रसद संपली, औषधे संपली. हिवताप आणि अतिसाराने शत्रूच्या गोळीपेक्षा अधिक बळी घेतले. जुलै १९४४ मध्ये माघार सुरू झाली. दिल्लीला पोहोचण्याचे स्वप्न चिंदविन नदीच्या काठावर विरून गेले. मे १९४५ मध्ये रंगून पुन्हा इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि आझाद हिंद सेनेचे सैनिक पुन्हा एकदा बंदी झाले. यावेळी ते ज्या सैन्यात पूर्वी होते, त्याच सैन्याचे कैदी होते.

८. लाल किल्ल्यापर्यंत

रामसिंहांना इतर बंदींबरोबर भारतात आणून दिल्लीच्या छावणीतील काबूल लाइन्स येथे ठेवण्यात आले. इंग्रजांनी या कैद्यांची पांढरे, करडे आणि काळे अशी वर्गवारी केली होती. ज्यांची निष्ठा अढळ राहिली ते पांढरे, जे दबावाखाली गेले असे मानले गेले ते करडे आणि जे मनापासून सामील झाले ते काळे. माणसाच्या अंतःकरणातील संघर्ष असा तीन रंगांत बसवण्याचा तो प्रयत्न होता.

नोव्हेंबर १९४५ मध्ये लाल किल्ल्यात शाहनवाझ खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लन या तीन अधिकाऱ्यांवर खटला सुरू झाला. भुलाभाई देसाई यांनी त्यांचा बचाव केला. एक मुसलमान, एक हिंदू आणि एक शीख असे तीन आरोपी एकत्र उभे असलेले पाहून सारा देश एका भावनेने उचंबळून आला. न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. पण लोकमताचा रेटा इतका होता की जानेवारी १९४६ मध्ये जन्मठेपेची शिक्षा रद्द करून त्यांना सोडून द्यावे लागले. पुढे इतर सैनिकांचीही सुटका होत गेली. ‘कदम कदम बढ़ाये जा’ हे गीत इंग्रज सरकारला राजद्रोही वाटत होते. तरी ते सभांतून आणि प्रभातफेऱ्यांतून घुमू लागले. शस्त्रांचा पराभव झाला होता. सूर मात्र पराभूत झाले नव्हते.

ऑगस्ट १९४७ मध्ये स्वातंत्र्याचा सोहळा साजरा झाला, तेव्हा रामसिंहांच्या वाद्यवृंदाने लाल किल्ल्यावर ‘शुभ सुख चैन’ची धून वाजवली. ज्या किल्ल्यात आपल्या सहकाऱ्यांवर खटला चालला, त्याच किल्ल्यावर स्वतंत्र देशाच्या नेत्यांसमोर वाद्य हाती घेण्याचे भाग्य त्यांना लाभले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी त्यांच्या वयाला तेहतीस वर्षे पूर्ण झाली होती.

९. उत्तरायुष्य

स्वातंत्र्यानंतरची कहाणी केवळ गौरवाची नाही. आझाद हिंद सेनेच्या जवानांना भारतीय सैन्यात परत घेतले गेले नाही. शपथ मोडणाऱ्यांना पुन्हा सामावून घेतले, तर सैन्याच्या शिस्तीला तडा जाईल, असा त्यामागील विचार होता. लोकांनी ज्यांच्यावर फुले उधळली, त्यांतील अनेकांना पोटासाठी नवा मार्ग शोधावा लागला. रामसिंहांनाही आपली जुनी पलटण परत मिळाली नाही.

१९४८ साली ते उत्तर प्रदेशाच्या प्रादेशिक सशस्त्र पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले आणि लखनौ ही त्यांची कर्मभूमी झाली. तेथील बँडची घडण त्यांनी केली. ज्याने एका सरकारच्या राष्ट्रगीताला वाद्यवृंदाचे रूप दिले, तो माणूस आता नवख्या पोलीस शिपायांना स्वर ओळखायला आणि ठोका धरायला शिकवत होता. कामाला लहान किंवा मोठे न मानता त्यांनी पंचवीसहून अधिक वर्षे ही सेवा केली. १९७४ साली ते पोलीस उपअधीक्षकाच्या हुद्द्यावर निवृत्त झाले. पुढची पिढी त्यांच्याकडे येत राहिली आणि ते नेताजींनी दिलेले व्हायोलिन वाजवून त्या दिवसांच्या आठवणी जागवत राहिले. १५ एप्रिल २००२ रोजी लखनौ येथे वयाच्या ८७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

२४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेने ‘जन गण मन’ हे भारताचे राष्ट्रगीत म्हणून स्वीकारले. त्याचे शब्द आणि मूळ स्वररचना रवींद्रनाथांची आहे. परंतु पूर्वेकडील रणभूमीवर, सामान्य सैनिकांच्या कंठात त्या सुरांना सैनिकी रूपात प्रतिष्ठित करणाऱ्यांत रामसिंहांचे नाव आदराने घ्यावे लागते. ‘कदम कदम बढ़ाये जा’ हे गीत तर आता भारतीय सैन्याच्या संचलनातच वाजते. १९५० साली आलेल्या ‘समाधी’ या चित्रपटातून सी. रामचंद्र या मराठी संगीतकाराने ते घरोघर पोहोचवले. एकेकाळी ज्या सैन्याविरुद्ध हे गीत गायले गेले, त्याच सैन्याच्या वारसदारांनी ते आपले मानले. रामसिंहांना स्वतःला त्या सैन्यात परतता आले नाही. त्यांची चाल मात्र परतली. दोन्हीकडे विभागल्या गेलेल्या सैनिकांची मने जोडण्याचे जे काम कायद्याला आणि वादविवादांना जमले नाही, ते एका साध्या सुरावटीने केले.

शब्दार्थ

नौबत – मोठा नगारा. संचलन – तालावर शिस्तीने चालणे. स्वरलिपी – स्वर लिहिण्याची पद्धत. कथील – एक पांढरा धातू. रसद – सैन्याला लागणारा अन्नधान्य व साहित्याचा पुरवठा. यादवी – आपसांतील युद्ध. हंगामी – तात्पुरते. दारुण – भयंकर. धारातीर्थी पडणे – रणांगणावर मृत्यू येणे.

तुम्ही काय शिकलात ?

• सैन्यातील संगीत हे शिस्त, एकजूट आणि मनोधैर्य यांचे साधन आहे.
• शालेय शिक्षण बेताचे असले तरी कामाच्या ठिकाणी चिकाटीने विद्या मिळवता येते, हे रामसिंहांच्या जीवनातून दिसते.
• एकाच प्रसंगी प्रामाणिक माणसांचे निर्णय वेगवेगळे असू शकतात. त्यांचा न्याय करताना दोन्ही बाजू समजून घ्याव्या लागतात.
• रणांगणावरील पराभवानंतरही कलाकृती जिवंत राहू शकते.

पाठान्त प्रश्न

१. बँडमधील शिक्षणाचा रामसिंहांना पुढे कसा उपयोग झाला, ते चारपाच वाक्यांत लिहा.
२. सिंगापूरच्या पतनानंतर भारतीय युद्धकैद्यांपुढे कोणता प्रश्न उभा राहिला? त्यांनी दिलेली दोन उत्तरे आपल्या शब्दांत मांडा.
३. ‘कदम कदम बढ़ाये जा’ या गीताची चाल सैनिकांना सोयीची का ठरली?
४. इंफाळच्या लढाईला पाठात यादवीची उपमा का दिली आहे?
५. आपल्या परिसरातील ढोल, ताशा, तुतारी किंवा बँड वाजवणाऱ्या एखाद्या वादकाला भेटा. त्याने ही कला कशी मिळवली, ते विचारून दहा ओळींत लिहा.